स्टिरॉइडचा रुग्णावर पहिला मोठा उपयोग करणारे डॉ. हेंच आणि तुमच्या मुलाच्या नाकातला स्प्रे

तुमच्या मुलाचे अ‍ॅडिनॉइडचे ऑपरेशन झाले. घोरणे कमी झाले, तोंड उघडे ठेवून झोपणे थांबले. पुढच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी नाकात मारायचा एक स्प्रे लिहून दिला. घरी येऊन खोक्यावरचे नाव वाचले, कुणीतरी मोबाइलवर शोधले आणि कळले, की हे स्टिरॉइड आहे. मग प्रश्न सुरू होतात. वाढ खुंटेल का? चेहरा सुजेल का? सवय लागेल का? आणि पुष्कळ घरांत तो स्प्रे दोन दिवस वापरून कपाटात जातो.

ही भीती मूर्खपणाची नाही. तिच्यामागे खरा इतिहास आहे आणि तो एका डॉक्टरांच्या आयुष्याशी जोडलेला आहे. त्यांचे नाव फिलिप शोवॉल्टर हेंच. स्टिरॉइडचा रुग्णावर पहिला मोठा उपयोग त्यांनी केला, त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि स्टिरॉइडचे दुष्परिणामही सर्वांत आधी त्यांनीच जवळून पाहिले. त्यांची गोष्ट समजली, की तुमच्या हातातल्या स्प्रेबद्दल काय घाबरायचे आणि काय नाही, हे ठरवणे सोपे जाते.

बालपण आणि टाळूचा दोष

हेंच यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1896 रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात झाला. जन्मतःच त्यांची टाळू दुभंगलेली होती. त्यामुळे त्यांचे बोलणे आयुष्यभर थोडे नाकातून आणि अस्पष्ट येत असे. देहाने मोठे, आवाजाने खणखणीत, पण उच्चार अडखळणारे अशा या माणसाने पुढे जगभरच्या सभांमध्ये भाषणे दिली.

हा तपशील मुद्दाम सांगतो आहे, कारण त्याचा तुमच्या मुलाशी थेट संबंध आहे. आपण बोलतो किंवा गिळतो तेव्हा टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाकाकडे जाणारा रस्ता बंद करतो. अ‍ॅडिनॉइडची गाठ बरोबर याच जागी, नाकाच्या मागे आणि टाळूच्या वर असते. काही मुलांची टाळू आखूड असते किंवा तिच्यात वरून न दिसणारी फट असते. अशा मुलांत ही गाठच ती पोकळी भरून काढत असते. ती काढली, की हवा नाकातून निसटते आणि बोलणे नाकातून येऊ लागते. म्हणून चांगला सर्जन ऑपरेशनआधी मुलाला आ करायला लावून टाळू आणि पडजीभ नीट पाहतो. पडजीभ दोन टोकांत विभागलेली दिसली, तर तो जास्त सावध होतो.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस किंवा आठवडे आवाज बदललेला वाटणे सामान्य आहे. पण काही आठवड्यांनंतरही बोलणे नाकातून येत असेल किंवा पाणी, दूध पिताना नाकातून बाहेर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. हा त्रास स्प्रेने बरा होणारा नाही. त्यासाठी टाळूची तपासणी आणि बहुतेक वेळा वाचा-उपचार लागतात.

एक कावीळ आणि एक कोडे

हेंच 1920 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातून डॉक्टर झाले. 1923 मध्ये ते मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाले आणि तीन वर्षांत तिथल्या संधिवात विभागाचे प्रमुख झाले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो, त्या आजारावर तेव्हा फारसे काही हातात नव्हते. अ‍ॅस्पिरिन, शेक, विश्रांती आणि सांधे वाकडे होताना बघत बसणे.

1 एप्रिल 1929 रोजी त्यांच्याकडे 65 वर्षांचे एक डॉक्टर रुग्ण म्हणून आले. त्यांना आमवात होता आणि आता कावीळही झाली होती. त्यांनी सांगितले, की कावीळ सुरू झाल्यावर एका दिवसात सांध्यांचे दुखणे जवळजवळ थांबले. कावीळ चार आठवडे टिकली, आराम मात्र सात महिने टिकला.

दुसऱ्या एखाद्याने हा योगायोग मानून सोडून दिला असता. हेंच यांनी तो वहीत नोंदवला आणि तसे आणखी रुग्ण शोधायला सुरुवात केली. काही वर्षांत त्यांना दिसले, की गरोदरपणातही अनेक स्त्रियांचा आमवात शांत होतो. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. याच दोन अवस्थांत काही लोकांचा दमा आणि परागकणांमुळे होणारी नाकाची अ‍ॅलर्जीसुद्धा कमी होते. म्हणजे सांध्यांची सूज आणि नाकाची सूज, दोन्हींना उतरवणारे काहीतरी शरीर स्वतःच तयार करत असावे. त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी एक्स असे नाव दिले.

आजच्या स्प्रेचा पाया याच निरीक्षणात आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या नाकात आतून सूज असते. अ‍ॅडिनॉइड काढले तरी ती सूज तशीच राहू शकते, कारण ऑपरेशनने गाठ जाते, अ‍ॅलर्जी जात नाही.

एकोणीस वर्षांचा शोध

एक्स म्हणजे काय, हे शोधायला हेंच यांनी बरेच उपाय केले. पित्तातले क्षार देऊन पाहिले, कावीळ झालेल्यांचे रक्त देऊन पाहिले. काही जमले नाही. मात्र एक तर्क पक्का होत गेला. कावीळ पुरुषांनाही होते, स्त्रियांनाही होते, पण गरोदरपण फक्त स्त्रियांना. तेव्हा हा पदार्थ केवळ यकृतातला नसावा आणि केवळ स्त्रियांचा संप्रेरकही नसावा. दोघांच्याही शरीरात असणारे हे कुठले तरी संप्रेरक असावे.

त्याच मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. थायरॉइडमधले थायरॉक्सिन त्यांनी 1914 मध्ये वेगळे केले होते. आता ते मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा अभ्यास करत होते. त्यांनी या ग्रंथींतून अनेक पदार्थ वेगळे केले आणि त्यांना ए, बी, ई अशी अक्षरे दिली. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखस्टाइन हेही याच कामात होते. 1941 च्या जानेवारीत हेंच आणि केंडॉल यांनी ठरवले, की कंपाउंड ई आमवातावर वापरून पाहायचे. हेंच यांनी ते आपल्या खिशातल्या वहीत लिहूनही ठेवले.

पण औषध होते कुठे? हजारो जनावरांच्या ग्रंथींतून चिमूटभर मिळायचे. मग दुसरे महायुद्ध आले आणि हेंच लष्करी रुग्णालयात गेले. युद्धाच्या काळात मर्क कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून, तीसहून अधिक पायऱ्या पार करून, हा पदार्थ तयार केला. 1948 पर्यंत तो काही ग्रॅमच उपलब्ध होता.

21 सप्टेंबर 1948

त्या वर्षी रॉचेस्टरला 29 वर्षांची एक स्त्री दाखल झाली होती. चार वर्षांहून अधिक काळ आमवात. चालणे जवळजवळ बंद. उपाय झाल्याशिवाय घरी जायचे नाही, असा तिचा हट्ट होता. हेंच आणि केंडॉल यांनी मर्ककडे औषध मागितले आणि 21 सप्टेंबर 1948 रोजी तिला पहिले इंजेक्शन दिले गेले. रोजचा डोस 100 मिलिग्रॅमचा होता.

पहिल्या दिवशी फरक दिसला नाही. पण दोन-तीन दिवसांत सांध्यांचा ताठरपणा सैल होऊ लागला. चौथ्या दिवशी ती थोडीशी लंगडत चालली. आठवड्याभरात ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. आणखी रुग्णांवर उपचार झाले. 20 एप्रिल 1949 रोजी हेंच यांनी आपल्या सहकाऱ्यांसमोर 14 रुग्णांची हकीकत मांडली आणि उपचाराआधीच्या व नंतरच्या चालण्याची फिल्म दाखवली. औषधाला नवे नाव मिळाले, कॉर्टिसोन. 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या इंजेक्शनपासून जेमतेम दोन वर्षे झाली होती.

भीती कुठून आली

इथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे. पुढचा भाग तुमच्या प्रश्नाचा आहे.

कॉर्टिसोन बंद केले, की दुखणे परत यायचे. म्हणून ते चालू ठेवावे लागे. महिनोन्महिने मोठ्या डोसमध्ये इंजेक्शने आणि नंतर गोळ्या घेतल्यावर रुग्णांचे चेहरे गोल झाले, अंगावर सूज आली, रक्तदाब आणि साखर वाढली, हाडे ठिसूळ झाली. काहींचे मन बिघडले. शिवाय बाहेरून इतके स्टिरॉइड मिळत राहिल्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचे काम थांबवतात. मग औषध अचानक बंद केले तर जिवावर बेतू शकते. आजही तोंडाने दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये, ते याच कारणामुळे.

हेंच यांनी हे लपवले नाही. वर्तमानपत्रे जादूचे औषध म्हणून ओरडत असताना ते सांगत राहिले, की हा आजार बरा करणारा उपाय नाही, सूज शमवणारा आहे आणि अभ्यासाचे साधन आहे. लोकांनी मात्र आधी जादू लक्षात ठेवली आणि नंतर फक्त सुजलेले चेहरे.

त्या अनुभवातून वैद्यकशास्त्राने तीन प्रश्न विचारायला शिकले: स्टिरॉइड किती, कुठून आणि किती दिवस? सूज जिथे आहे तिथेच औषध पोहोचवता आले, तर बाकी शरीराला त्रास का द्यायचा? 1950 च्या दशकात त्वचेवर लावायची स्टिरॉइड मलमे आली. 1970 च्या दशकात दम्याचे इनहेलर आणि नाकाचे स्प्रे आले. तुमच्या हातातला स्प्रे या वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

मग हा स्प्रे वेगळा कसा

लहान मुलांत साधारणपणे मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन हे स्प्रे वापरले जातात. 2 ते 11 वर्षांच्या मुलासाठी मोमेटासोनचा नेहमीचा डोस प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एक फवारा, म्हणजे एकूण 100 मायक्रोग्रॅम. हेंच यांच्या रुग्णाला रोज 100 मिलिग्रॅम मिळत होते. वजनाने हा डोस एक हजारांश आहे.

पण केवळ वजनावर जाऊ नका. मोमेटासोन हे कॉर्टिसोनपेक्षा कितीतरी तीव्र औषध आहे. खरा दिलासा दुसरीकडे आहे. फवाऱ्यातला बराचसा भाग घशातून पोटात जातो आणि तिथून शोषला गेलेला अंश यकृत जवळजवळ पूर्ण निकामी करते. मोमेटासोनचा एक टक्क्याहून कमी आणि फ्लुटिकासोनचा दोन टक्क्यांहून कमी भाग रक्तात पोहोचतो.

सगळे स्प्रे मात्र सारखे नाहीत. बेक्लोमेथासोनसारखी जुनी औषधे रक्तात जास्त उतरतात. वर्षभर रोज दोनदा बेक्लोमेथासोन घेतलेल्या मुलांची उंची सुमारे एक सेंटीमीटरने कमी वाढल्याचे दिसले होते. मोमेटासोनच्या वर्षभराच्या अभ्यासात असा फरक आढळला नाही. बीटामेथासोनचे थेंब तर दीर्घकाळ मनाने कधीच वापरू नयेत. म्हणून स्प्रे कोणता, हे डॉक्टरांनी ठरवू द्या आणि दुकानातून बदलून दुसरा आणू नका.

ऑपरेशननंतर स्प्रे कशासाठी

अ‍ॅडिनॉइड काढलेल्या प्रत्येक मुलाला स्प्रे लागत नाही. बहुतेक मुले त्याशिवाय छान राहतात. डॉक्टर तो लिहून देतात तेव्हा सहसा यांपैकी एखादे कारण असते:

- मुलाला नाकाची अ‍ॅलर्जी आहे. सकाळी शिंका, नाक खाजणे, पाण्यासारखे वाहणे चालूच आहे.
- ऑपरेशननंतरही नाक बंद राहते किंवा थोडे घोरणे उरले आहे.
- मूल लहान आहे आणि गाठ पुन्हा वाढण्याची शक्यता आहे. अ‍ॅडिनॉइडला टॉन्सिलसारखे आवरण नसते, त्यामुळे ते मुळापासून पूर्ण निघतेच असे नाही. उरलेला भाग काही मुलांत पुन्हा वाढतो. स्प्रेमुळे ही वाढ कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे, पण ते अभ्यास छोटे आहेत. म्हणून सरसकट सगळ्यांना तो देत नाहीत.

स्प्रे कशासाठी आणि किती आठवडे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर कागदावर लिहून घेतले तर उत्तम.

वापरताना लक्षात ठेवा

- ऑपरेशननंतर स्प्रे कधी सुरू करायचा, हे सर्जन सांगतील. जखम भरू द्यावी लागते.
- आधी नाक हलकेच शिंकरून किंवा सलाइनने साफ करा. बाटली हलवा. नवी असेल तर दोन-चार फवारे हवेत मारा.
- मुलाची मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा.
- स्प्रेचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला, की दिशा आपोआप बरोबर येते. पडद्यावर रोज फवारा बसला तर घोळणा फुटतो.
- जोरात ओढून घेऊ नये. हळू श्वास पुरे.
- परिणाम लगेच दिसत नाही. हेंच यांच्या रुग्णालाही काही दिवस लागले होते. रोज नियमाने एक-दोन आठवडे वापरल्यावरच फरक ठरवा.
- पटकन नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब हे वेगळे औषध आहे. ते काही दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त बंद होते.
- नाकात तेल किंवा तूप सोडू नका. ते फुप्फुसात उतरू शकते आणि ताज्या जखमेवर तर नकोच.
- मुलाला दम्याचा स्टिरॉइड इनहेलर किंवा त्वचेचे स्टिरॉइड मलम चालू असेल तर सांगा. एकूण डोस मोजावा लागतो.
- स्प्रे काही महिने चालणार असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा.

हेंच यांनी पाहिलेली दुसरी गोष्टही विसरू नका. स्टिरॉइड सूज उतरवते, कारण काढत नाही. अगरबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट, चुलीचा धूर, गादी-उशीतली धूळ तशीच राहिली, तर स्प्रे थांबल्यावर नाक पुन्हा बंद होईल.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी

- ऑपरेशननंतर नाकातून किंवा तोंडातून ताजे लाल रक्त आले, किंवा मूल वारंवार गिळत असेल आणि रक्ताची उलटी झाली तर थेट रुग्णालय गाठा.
- जोराचा ताप, मान आखडणे किंवा पाणीही न पिणे.
- झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणे.
- स्प्रे चालू असताना वारंवार घोळणा फुटणे. अशा वेळी स्प्रे थांबवा आणि दाखवून घ्या.

शेवटची वर्षे

हेंच 1957 मध्ये निवृत्त झाले. पीतज्वराचा डासांशी असलेला संबंध सिद्ध करणाऱ्या वॉल्टर रीड यांच्या कामाची कागदपत्रे त्यांनी अनेक वर्षे जमवली होती. तो मोठा संग्रह आज व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. ते शेरलॉक होम्सचे निस्सीम चाहते होते. एका कावीळ झालेल्या रुग्णापासून माग काढत एकोणीस वर्षे चालणाऱ्या माणसाला गुप्तहेर आवडावा, यात नवल नाही. 30 मार्च 1965 रोजी जमैकात सुट्टीवर असताना न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय 69.

स्टिरॉइडला त्यांनी जादू मानले नाही आणि विषही मानले नाही. रुग्णाला किती फायदा, किती तोटा, हे ते रोज मोजत राहिले. तुम्हीही तेच करा. स्प्रे घाबरून कपाटात ठेवू नका आणि सांगितलेली मुदत संपल्यावर मनाने चालूही ठेवू नका. पुढच्या तपासणीला जाताना बाटली सोबत न्या आणि मुलाच्या हाताने ती कशी वापरता, ते डॉक्टरांना एकदा करून दाखवा.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या मुलाचे औषध आणि डोस त्याला तपासलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.